रस्त्याला तडे का जातात? : वाचकांचे प्रश्न आणि उत्तरे

रस्त्याच्या थरांविषयी मागील अंकात जो लेख आला होता, त्यात 'रस्त्याचे उरलेले आयुष्य बहुतेक वेळा पहिल्या तड्यापासून मोजायला हवे' असे एक विधान होते. त्या विधानावर बरीच पत्रे आली. काही विद्यार्थ्यांची आहेत, काही प्रत्यक्ष साइटवर उभे राहून काम करून घेणाऱ्यांची आणि काही रोज त्याच रस्त्यांवरून जाणाऱ्यांची. सारख्या आशयाचे प्रश्न एकत्र करून सात प्रश्न येथे घेतले आहेत. उत्तरांत 'डांबर' हा शब्द सर्वत्र खनिज तेलाच्या शुद्धीकरणातून मिळणाऱ्या बिटुमेनसाठी वापरला आहे. दगडी कोळशापासून निघणारे डांबर हा वेगळा पदार्थ असून त्याचा येथे संबंध नाही.

प्रश्न : मी स्थापत्य अभियांत्रिकीच्या तिसऱ्या वर्षात शिकते. प्रयोगशाळेत मार्शल चाचणी करताना 'स्थिरता' जास्त आली की मिश्रण चांगले, असे आम्ही धरून चालतो. मग भरपूर स्थिरता असलेल्या डांबरी रस्त्यांनाही दोन-तीन वर्षांत तडे जातात, ते कसे?

उत्तर : मार्शल चाचणीचा नमुना ६० अंश सेल्सिअस तापमानाच्या पाण्यात ठेवून मग दाबला जातो आणि तो जास्तीत जास्त जेवढा भार घेतो ती त्याची स्थिरता, हे तुम्ही स्वतः केले आहे. त्या तापमानाला डांबर मऊ झालेले असते. तापलेल्या दिवशी जड चाकांखाली रस्ता दबून त्याला चाकोऱ्या पडतील का, एवढेच ही चाचणी विचारते. तड्यांचा प्रश्न नेमका दुसऱ्या टोकाचा आहे. डांबर गार पडून किंवा जुने होऊन ताठर झाले की तडे जातात, म्हणून ६० अंशांवरच्या आकड्यावरून त्यांच्याविषयी काहीच सांगता येत नाही. उलट स्थिरता वाढवण्यासाठी डांबराचे प्रमाण कमी केले, अधिक कठीण प्रतीचे डांबर घेतले किंवा फिलर, म्हणजे बारीक भुकटी, वाढवला, तर चाचणीचा आकडा सुधारतो आणि तडे जाण्याचा धोकाही त्याबरोबर वाढतो. मजबुती आणि चिवटपणा या दोन गोष्टी आपण एकच समजतो, ही या विषयातील सर्वांत महागात पडणारी गल्लत आहे असे माझे मत आहे.

काच मजबूत असते, पण चिवट नसते. ए. ए. ग्रिफिथ यांनी १९२१ मध्ये काचेवरील प्रयोगांच्या आधारे मांडले की पदार्थ तुटतो तो त्यात आधीपासून असलेल्या सूक्ष्म भेगांमुळे, आणि भेग पुढे सरकेल की नाही हे तिला सरकायला किती ऊर्जा खर्चावी लागते त्यावर ठरते. रस्त्याच्या मिश्रणात पोकळ्या आणि सूक्ष्म भेगा जन्मापासूनच असतात. त्या मुळीच नसाव्यात असा आग्रह धरता येत नाही, पण भेग वाढताना पदार्थाने जास्तीत जास्त ऊर्जा शोषावी, एवढे मात्र साहित्य निवडणाऱ्याच्या हातात असते.

आता ही भेग वाढवते कोण? सर्वांत आधी वाहतूक. चाक पुढे जाते तेव्हा डांबरी थर किंचित वाकतो आणि त्याच्या तळाशी तो ताणला जातो. एका मीटरमागे ताणले जाण्याचे हे प्रमाण, म्हणजे विकृती, निम्म्यावर आणता आली तर थर साधारण सोळापट फेऱ्या सोसतो, कारण आयुष्य विकृतीच्या सुमारे चौथ्या घाताने बदलते. ही विकृती ७० मायक्रोस्ट्रेनच्या, म्हणजे मीटरमागे ०.०७ मिलिमीटरच्या आत ठेवता आली, तर तळातून सुरू होणारे तडे जवळपास टळतात, आणि दीर्घायुषी रस्त्यांच्या रचनेमागे हाच विचार आहे. चौथा घात भारालाही लागू पडतो. अमेरिकेत इलिनॉय राज्यातील ऑटावा येथे १९५८ ते १९६० या काळात आशो रोड टेस्ट नावाचा मोठा प्रयोग झाला, त्यातून हा नियम पुढे आला. त्या हिशेबाने दहापट भाराचा एक आस रस्त्याचे सुमारे दहा हजारपट नुकसान करतो. वाहतुकीखेरीज तापमानही ताण निर्माण करते. थंडीत थर आकसू पाहतो, पण त्याला सरकायला जागा नसते. डांबर मऊ असेल तर ते किंचित वाहून हा ताण सैल करते, आणि फार गार पडले की ही सैल करण्याची क्षमता संपते. वयोमानाने डांबर कडक होत गेले की तीच क्षमता उबदार हवेतही कमी पडू लागते.

चिवटपणा मोजतात कसा, हे एकदा जवळून पाहावे. १५० मिलिमीटर व्यासाच्या नमुन्यातून ५० मिलिमीटर जाडीची चकती कापून तिचे दोन अर्धचंद्राकार तुकडे करतात. सपाट कडेच्या मध्यावर १५ मिलिमीटर खोल खाच घेतात, तुकडा २५ अंशांवर आणून दोन रुळांवर सपाट बाजू खाली ठेवतात आणि वरून मिनिटाला ५० मिलिमीटर या वेगाने दाबतात. ताठर मिश्रणाचा तुकडा मोठा भार घेतो आणि मग एकदम फाकतो, त्यामुळे आलेखाची रेषा कड्यावरून पडल्यासारखी खाली येते. चिवट मिश्रणाचा तुकडा कदाचित कमी भार घेईल, पण खाचेतून निघालेली भेग खडीला वळसे घालत सावकाश वर चढते आणि भेगेच्या दोन्ही कडांना जोडणारे डांबराचे बारीक तंतू नुसत्या डोळ्यांना दिसतात. समजा, दोन्ही मिश्रणांची भंगऊर्जा, म्हणजे तुकडा तोडायला लागलेली ऊर्जा, सारखीच, चौरस मीटरला १८०० ज्यूल आली, पण शिखरानंतरच्या रेषेचा उतार एकीचा मिलिमीटरला ६ किलोन्यूटन आणि दुसरीचा २ किलोन्यूटन आहे. ऊर्जेला उताराने भागून आणि शंभराने भागून जो लवचिकता निर्देशांक मिळतो, तो पहिलीचा ३ आणि दुसरीचा ९ येईल. इलिनॉयमध्ये, जेथे ही पद्धत विकसित झाली, हा निर्देशांक सर्वसाधारण डांबरी मिश्रणासाठी किमान ८ मागितला जातो. तेव्हा यापुढे मार्शलच्या आकड्यासमोर हाही एक आकडा लिहून पाहा. चाकोऱ्यांची चाचणी आणि तड्यांची चाचणी या दोन्ही उत्तीर्ण होईल इतके डांबर घेणे, यालाच हल्ली संतुलित मिश्रण रचना म्हणतात.

प्रश्न : मी डांबरीकरणाच्या कामांवर पर्यवेक्षक आहे. एकच प्लांट, एकच मिश्रण, नमुने प्रयोगशाळेत उत्तीर्ण. तरीही रस्त्याच्या काही भागाला पहिल्याच वर्षी तडे गेले आणि उरलेला भाग ठणठणीत आहे. सगळे डांबराच्या प्रतीला दोष देतात. आपले मत काय?

उत्तर : डांबरात खोट असती तर तडे सगळीकडे गेले असते. भाग तुटक असेल, तर आधी कामाच्या पद्धतीकडे पाहावे.

काही वर्षांपूर्वी मला असाच एक रस्ता तपासायला बोलावले होते. तडे ठिपक्याठिपक्यांनी, पण विलक्षण नियमित अंतरावर पडलेले होते. टेप धरून मोजले तेव्हा दोन ठिपक्यांमधील अंतर दरवेळी ३८ ते ४० मीटर भरत होते. थराची जाडी ५० मिलिमीटर, पेव्हरची, म्हणजे माल पसरवणाऱ्या यंत्राची, रुंदी साडेतीन मीटर आणि डंपरमधील माल १६ टन. दाबलेल्या मिश्रणाची घनता घनमीटरला २.३५ टन धरली तर एका डंपरचा माल बरोबर ३९ मीटरला संपतो. म्हणजे प्रत्येक ठिपका दोन डंपरांच्या सांध्यावर होता. तेथून काढलेला कोअर, म्हणजे थरातून कापलेला गोल नमुना, हाताने तोडता आला. आत मोठी खडी एकमेकींना टेकलेली, बारीक माल जवळजवळ नाही आणि खडीवरचे डांबर चकचकीत काळे असण्याऐवजी मंद तपकिरी पडलेले होते. दहा पावलांवरच्या चांगल्या भागातील कोअर मात्र हातोड्याशिवाय फुटेना.

घडले असे होते की डंपर भरताना सगळा माल एकाच ढिगात पडत होता, मोठी खडी घरंगळून कडेला जात होती, ताडपत्री नसल्यामुळे कडेचा माल गार होत होता आणि डंपर रिकामा होताच पेव्हरच्या हॉपरचे, म्हणजे माल घेणाऱ्या पेटीचे, पंख मिटून तोच गार, भरड माल पटकन पुढे ढकलला जात होता. असा माल रोलरखाली दाबला जात नाही. उपाय साधे आहेत. डंपर पुढे, मागे आणि शेवटी मध्ये अशा तीन टप्प्यांत भरावा, माल झाकून आणावा, हॉपर पूर्ण रिकामा होऊ देऊ नये आणि प्रत्येक खेपेला पंख मिटू नयेत. जेथे परवडते तेथे डंपर आणि पेव्हर यांच्यामध्ये माल पुन्हा ढवळून देणारे यंत्र ठेवतात, त्याचा फायदा डोळ्यांना दिसतो.

रोलिंगवर मी एवढा भर देतो, कारण तड्यांच्या बाबतीत थरात उरणारी हवेची पोकळी कमी करण्याइतके स्वस्त आणि परिणामकारक दुसरे साधन नाही. रचनेत ४ टक्के पोकळी धरलेली असते, प्रत्यक्ष रस्त्यावर ताज्या थरात ७ टक्क्यांच्या आसपास मिळाली तरी समाधान मानले जाते. त्यापुढे वाढणाऱ्या प्रत्येक टक्क्यामागे थराचे आयुष्य सुमारे दहा टक्क्यांनी घटते असा सर्वमान्य ठोकताळा आहे. पोकळ्या ८ टक्क्यांच्या वर गेल्या की त्या एकमेकींना जोडल्या जाऊ लागतात, मग त्यांतून पाणी शिरते आणि हवाही खेळते. पाणी खडीवरून डांबर सोडवते, हवा त्याला कडक करते. तुमच्या साइटवर थर किती जाड टाकतात, तेही एकदा तपासा. मिश्रणातील मोठ्या खडीच्या नाममात्र आकाराच्या तीन ते चार पट जाडी नसेल, तर खडीला फिरून बसायला जागाच मिळत नाही आणि कितीही फेऱ्या मारल्या तरी घनता येत नाही. पातळ थर गारही लवकर पडतो.

दुसरी शंका घ्यावी ती प्लांटवरील तापमानाची. खडीवर डांबराचा पापुद्रा साधारण ८ ते १० मायक्रोमीटर जाडीचा असतो, म्हणजे केसाच्या जाडीपेक्षाही कितीतरी पातळ. एवढ्या पातळ पापुद्र्याला गरम हवा लागली की त्याचे ऑक्सिडेशन वेगाने होते आणि तापमान दर दहा अंशांनी वाढले की हा वेग जवळपास दुप्पट होतो. 'लांब न्यायचा आहे, जरा जास्त तापवू' असे म्हणून दिलेले वीस अंश डांबराला काही मिनिटांत कित्येक वर्षांनी म्हातारे करू शकतात, आणि दर्जा तपासण्यासाठी टाकीतून घेतलेल्या डांबरात ते कधीच दिसत नाही.

टॅक कोट, म्हणजे दोन थर चिकटवण्यासाठी मध्ये दिलेला डांबराचा हात, तोही पाहा. दोन थर नीट चिकटले नाहीत तर ते एकसंध न वाकता वेगवेगळे वाकतात आणि वरच्या थराच्या तळाशी, जेथे ताण यायलाच नको होता, तेथे ताण येतो. अशा जागी पडणारे तडे बहुधा अर्धचंद्राच्या आकाराचे असतात आणि चाके जेथे ब्रेक घेतात किंवा वळतात तेथे प्रथम दिसतात.

प्रश्न : रस्त्याच्या डांबरात रबर, पॉलिमर, तंतू असे काय काय मिसळण्याच्या जाहिराती येतात. यांपैकी तड्यांवर खरोखर काय चालते?

उत्तर : यांतील काही पदार्थ उत्तम काम करतात, मात्र प्रत्येकाचे काम वेगळे आहे. पॉलिमरचे ढोबळमानाने दोन गट पडतात. पहिल्या गटातील पॉलिमर रबरासारखे ताणले जाऊन परत येतात. स्टायरीन-ब्युटाडाइन-स्टायरीन, म्हणजे एसबीएस, हा त्यांतील सर्वाधिक वापरला जाणारा. डांबरात तो ३ ते ५ टक्के मिसळला की त्याचे जाळे तयार होऊ लागते. भेगेच्या टोकाशी हे जाळे ताणले जाते आणि ऊर्जा शोषते. प्रमाण ७ टक्क्यांच्या पुढे नेले तर पॉलिमरच मुख्य माध्यम होते आणि डांबर त्यात सामावल्यासारखे राहते. असे डांबर थकव्याला विलक्षण पुरून उरते, पण ते हाताळायला अवघड असते आणि त्यासाठी मूळ डांबरही निवडून घ्यावे लागते. दुसऱ्या गटातील पॉलिमर, उदाहरणार्थ पॉलिथिलीन, डांबराला ताठर करतात. चाकोऱ्यांवर त्यांचा उपयोग होतो. तड्यांसाठी त्यांच्याकडून फार अपेक्षा ठेवू नये, आणि थंड प्रदेशात तर मुळीच ठेवू नये.

जुन्या टायरचा चुरा हा मला मनापासून आवडणारा मार्ग आहे. चार्ल्स मॅकडोनाल्ड या अभियंत्याने १९६० च्या दशकात अमेरिकेतील फिनिक्स शहरात तो रुजवला. वजनाने १५ ते २० टक्के रबराचा चुरा १७५ ते १९० अंशांच्या डांबरात ४५ मिनिटे ते तासभर ढवळत ठेवतात. रबर या काळात विरघळत नाही. ते डांबरातील हलके तेलकट घटक शोषून फुगते आणि मिश्रण इतके दाट होते की खडीवर नेहमीपेक्षा जाड पापुद्रा बसतो, तोही न ओघळता. तड्यांना मिळणारा विरोध या जाड पापुद्र्यामुळे जितका वाढतो तितकाच रबरामुळे, असे म्हणायला हरकत नाही. शिवाय टायरमधील काजळी आणि ऑक्सिडेशनरोधक रसायने डांबराचे म्हातारपण लांबवतात. मात्र वेळ आणि तापमान पाळले नाही, तर रबर तळाशी बसते आणि नुसता खर्च पदरी पडतो.

तंतूंचे काम भेग फाकू न देण्याचे. सेल्युलोजचे तंतू ०.३ टक्क्यांच्या आसपास टाकतात ते मुख्यतः जास्तीचे डांबर ओघळू नये म्हणून, तर ॲरॅमिडसारखे बळकट तंतू भेगेच्या दोन कडा धरून ठेवतात. ते नीट विखुरले गेले नाहीत, तर त्यांचे गुंतवळे होतात आणि त्या गुंतवळ्यांपाशीच थर कमजोर राहतो. आणखी एक कमी बोलला जाणारा पदार्थ म्हणजे विरलेला चुना. खडीच्या वजनाच्या १ ते १.५ टक्के चुना फिलर म्हणून घातला, तर खडी आणि डांबर यांची पकड पाण्यात टिकते आणि डांबर कडक होण्याचा वेगही घटतो. त्याला जाहिरातदार मिळत नाही, म्हणून त्याची आवर्जून नोंद करतो.

जे पदार्थ विकत घेण्याआधी वर सांगितलेली अर्धचंद्राची चाचणी करू देत नाहीत, त्यांच्यापासून दूर राहावे.

प्रश्न : जुना डांबरी थर खरवडून तोच माल नव्या रस्त्यात वापरतात. पर्यावरणाला ते चांगले आहे हे पटते, पण असा रस्ता लवकर तडकतो असे ऐकले. खरे काय?

उत्तर : दोन्ही खरे आहे. खरवडलेल्या मालातील खडी चांगलीच असते. अडचण तिच्यावरील म्हाताऱ्या डांबराची आहे. डांबर म्हातारे होते तेव्हा ते दोन प्रकारे बिघडते. ते ताठर होते, आणि ताण सैल करण्याची त्याची क्षमता घटते. दुसरा बिघाड अधिक घातक. गार केलेल्या डांबराची छोटी पट्टी वाकवून पाहण्याच्या चाचणीत हे दोन्ही वेगवेगळे मोजता येतात. ६० सेकंदांनंतरचा ताठरपणा ३०० मेगापास्कलच्या वर नसावा आणि ताण सैल होण्याचा वेग दाखवणारे एम-मूल्य ०.३०० च्या खाली नसावे. या दोन मर्यादा ज्या तापमानांना ओलांडल्या जातात, त्यांच्यातील फरकाला डेल्टा टीसी म्हणतात. दीर्घ कृत्रिम वार्धक्यानंतर हा फरक उणे ५ अंशांच्या खाली गेला, तर ते डांबर तडे जाण्याच्या उंबरठ्यावर आहे असे समजतात.

हे वार्धक्य प्रयोगशाळेत कसे आणतात तेही पाहण्यासारखे आहे. प्लांटमधील भाजणीची नक्कल म्हणून डांबर काचेच्या फिरत्या बाटल्यांत १६३ अंशांवर ८५ मिनिटे ठेवतात. मग रस्त्यावरील अनेक वर्षांची नक्कल म्हणून त्याच डांबराचा पातळ थर २.१ मेगापास्कल दाबाच्या हवेत, साधारणतः १०० अंशांवर, २० तास ठेवतात. तड्यांचा विचार करायचा असेल तर हे २० तास दुप्पट करावेत, कारण नव्या डांबरांतील फरक तेव्हाच उघड होतात.

जुना माल १५ टक्क्यांपर्यंत असेल तर सहसा फार काही करावे लागत नाही. त्याच्या पुढे गेल्यावर एक पायरी मऊ डांबर किंवा पुनरुज्जीवक तेल घ्यावे लागते, आणि ते तेल म्हाताऱ्या डांबरात खरोखर मिसळले आहे याची खात्री करावी लागते. बऱ्याचदा जुने डांबर खडीवर तसेच चिकटून राहते आणि हिशेबात मात्र ते नव्या डांबराइतकेच कामाचे धरले जाते. त्यामुळे प्रत्यक्ष मिश्रण डांबरात कोरडे पडते. जुन्या मालातील सगळेच डांबर उपयोगी येते असे न मानता काही भाग वजा करून तेवढे नवे डांबर घालणे, हा माझ्या मते सर्वांत प्रामाणिक उपाय आहे.

प्रश्न : डांबरी थरातील भेगा आपोआप बुजतात असे वाचले. हे शक्य आहे का?

उत्तर : सूक्ष्म भेगांच्या बाबतीत, होय. दोन चाकांमधल्या विश्रांतीत आणि उन्हाने तापल्यावर डांबर भेगेच्या कडांवर पसरून त्यांना पुन्हा जोडते. म्हणूनच प्रयोगशाळेत न थांबता भार दिलेला नमुना जितक्या फेऱ्यांत तुटतो, त्याच्या कितीतरी पट फेऱ्या रस्ता सोसतो. ही क्रिया वेगाने घडवण्यासाठी नेदरलँड्समधील डेल्फ्ट विद्यापीठात एरिक श्लांगेन यांच्या गटाने डांबरात पोलादी तंतू मिसळून ते चुंबकीय प्रवर्तनाने तापवण्याची पद्धत विकसित केली आणि २०१० मध्ये ए-५८ या महामार्गाच्या एका भागावर ते मिश्रण वापरले गेले. मात्र ज्या भेगेत एकदा पाणी आणि धूळ गेली, ती आपोआप बुजत नाही.

प्रश्न : आमच्या संस्थेच्या आवारातील काँक्रीटच्या रस्त्याला वाहतूक सुरू होण्याआधीच आडवे तडे गेले. सिमेंट जास्त घातले असते तर टळले असते का?

उत्तर : बहुधा वाढले असते. काँक्रीटची ताण सोसण्याची ताकद त्याच्या दाब सोसण्याच्या ताकदीच्या जेमतेम एक दशांश असते आणि मीटरमागे ०.१ ते ०.१५ मिलिमीटर ताणले गेले की ते तुटते. आता आकुंचनाचे गणित पाहा. तापमान ३० अंशांनी उतरले तर पाच मीटर लांबीचा फलक (स्लॅब) दीड मिलिमीटर आकसू पाहतो, म्हणजे मीटरमागे ०.३ मिलिमीटर. वाळताना होणारे आकुंचन यापेक्षाही मोठे असू शकते. खालच्या थराने त्याला धरून ठेवले तर तडा जाणारच. तो कोठे जावा, एवढेच आपण ठरवायचे असते, आणि त्यासाठीच सांधे कापतात. सिमेंट आणि पाणी वाढवले की आकुंचन वाढते, सिमेंटमुळे सुरुवातीची उष्णताही वाढते. खडीचे प्रमाण आणि आकार शक्य तितका मोठा ठेवून सिमेंटची पेस्ट कमीत कमी ठेवणे हा खरा उपाय आहे. खडीच्या जातीनेही फरक पडतो. चुनखडीच्या खडीचे काँक्रीट तापमानाने कमी हलते, क्वार्ट्झ अधिक असलेल्या खडीचे जास्त.

वाहतुकीपूर्वीच गेलेले आडवे तडे पाहता, तुमच्याकडे सांधे उशिरा कापले गेले असावेत अशी मला दाट शंका आहे. सांध्याची खाच फलकाच्या जाडीच्या एक चतुर्थांश ते एक तृतीयांश खोल हवी आणि ती काँक्रीट टाकल्यापासून साधारण ४ ते १२ तासांत, कडेची खडी उखडणार नाही इतपत काँक्रीट घट्ट होताच घ्यायला हवी. रात्री तापमान उतरण्याआधी करवत चालली नाही, तर सकाळी तडा स्वतःची जागा निवडून मोकळा झालेला असतो. सांध्यांतील अंतर जाडीच्या २४ पटींहून जास्त नसावे आणि फलक फार लांबट नसावा.

तडे केसासारखे बारीक, उथळ आणि एकमेकांना समांतर असतील, तर मात्र कारण वेगळे. ओल्या पृष्ठभागावरून तासाला चौरस मीटरमागे एक किलोपेक्षा जास्त पाणी उडू लागले, की काँक्रीट घट्ट होण्याआधीच पृष्ठभाग फाटतो. कडक उन्हापेक्षाही कोरडा वारा याला अधिक जबाबदार असतो. वाऱ्याला आडोसा, वरून पाण्याची बारीक धुई आणि फिनिशिंग संपताच क्युअरिंगचे द्रावण किंवा ओले गोणपाट, इतके केले तरी हे तडे टळतात. पॉलिप्रॉपिलीनचे बारीक तंतूही या पहिल्या काही तासांत उपयोगी पडतात. घट्ट झालेल्या फलकाची ताकद त्यांनी वाढते, हा समज मात्र खरा नाही.

प्रश्न : जुन्या तडकलेल्या रस्त्यावर नवा डांबरी थर टाकला की काही काळाने तेच तडे, त्याच जागी वर येतात. यावर उपाय आहे का? आणि तडे भरायचे तर केव्हा भरावेत?

उत्तर : या तड्यांना प्रतिबिंबित तडे म्हणतात. खालच्या भेगेच्या कडा उघडझाप करतात किंवा चाकाखाली वरखाली होतात आणि ती सगळी हालचाल वरच्या थराच्या एका रेषेवर एकवटते. वर्षाला साधारण २५ मिलिमीटर या वेगाने तडा वर चढतो असा जुना ठोकताळा आहे. त्यामुळे नुसती जाडी वाढवून आपण काही वर्षे विकत घेतो, तडा थांबवत नाही.

खालचा थर सिमेंटने स्थिर केलेला असेल, तर प्रतिबंध सुरुवातीलाच करता येतो. थर टाकल्यानंतर एक ते तीन दिवसांनी, तो पुरता कडक होण्याआधी, त्यावर कंपन करणाऱ्या जड रोलरच्या काही फेऱ्या मारतात. त्याने थरात असंख्य केसाएवढ्या भेगा पडतात आणि पुढे काही मोजके रुंद तडे पडायचे टळते. ऐकायला हे उलटे वाटते. थर नंतरही घट्ट होत राहतो, म्हणून ताकदीचे फारसे नुकसान होत नाही. दुसरा मार्ग दक्षिण आफ्रिकेत रूढ आहे. तेथे सिमेंटच्या थरावर उत्तम प्रतीच्या फोडलेल्या खडीचा घट्ट दाबलेला थर देऊन त्यावर पातळ डांबर टाकतात, आणि तडा त्या सुट्या खडीत विरून जातो.

जुन्या रस्त्यावर मात्र मधला थर हाच मार्ग उरतो. रबरयुक्त डांबराचा जाडसर फवारा आणि त्यावर एकाच आकाराची खडी असा मऊ थर भेगेची हालचाल पसरवतो. काचतंतूंची जाळी ताण स्वतःवर घेते, पण ती पूर्ण चिकटली आणि वर पुरेसा जाड थर मिळाला तरच. सुरकुतलेली जाळी घालण्यापेक्षा न घातलेली बरी, हे मी स्वतः खोदून पाहिले आहे. मिलिंग केलेल्या, म्हणजे यंत्राने खरवडलेल्या, खडबडीत पृष्ठभागावर समतल थर न देता ती टाकली, की ती अशीच वाया जाते. हे सारे उपाय आडव्या उघडझापेवर चालतात. काँक्रीटचा फलक चाकाखाली वरखाली होत असेल, तर आधी त्याच्याखालची पोकळी भरा किंवा फलक बदला.

तडे भरण्याचा उत्तम काळ म्हणजे भेग ना पुरती उघडी ना पुरती मिटलेली असते तो, अर्थात मध्यम थंड आणि कोरडी हवा. तीन मिलिमीटरच्या पुढे रुंदावलेली, उघडझाप करणारी भेग यंत्राने सुमारे १२ मिलिमीटर रुंदीची चौकोनी खाच करून घ्यावी, गरम हवेच्या झोताने आतून कोरडी आणि स्वच्छ करावी आणि लगेच, कडा गरम असतानाच, पॉलिमर किंवा रबरयुक्त मसाला ओतावा. मसाला कडांवर डोंगरासारखा उचलून न ठेवता पृष्ठभागाच्या किंचित खाली राहू द्यावा, म्हणजे उन्हात फुगल्यावर चाके तो ओढून नेत नाहीत. मगरीच्या पाठीसारखे जाळीदार तडे पडलेल्या जागी मात्र यातले काहीही करू नये. तेथे खालचा थर गेलेला असतो, म्हणून तेवढा भाग चौकोनी कापून तळापासून नव्याने भरावा लागतो.